सहा वर्षांच्या मुलाला पहिला रिमोटचा ट्रक कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, मुलुंडला वन बीएचके, बजेट अडीच हजार, आणि दुकानदार ‘ताशी 40 किलोमीटर’वाला ट्रक गळ्यात मारतोय. तो घेऊ नका.

हिशोब करून बघा. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. तुमचा हॉल फार तर साडेचार-पाच मीटर लांब असेल. पोराने दाबलेलं बोट उचलायच्या आत ट्रक भिंतीत. आणि खोका उलटा करून वाचा, अशा बऱ्याच गाड्यांवर बारीक अक्षरात ‘14+’ लिहिलेलं असतं.

हे मी ठेच लागून शिकलो. भाच्याच्या वाढदिवसाला मामाची हौस म्हणून असाच एक सुसाट ट्रक नेला. बहीण गिरगावात चाळीत राहते. पहिल्याच संध्याकाळी ट्रक गॅलरीच्या टोकाला ठेवलेल्या पाण्याच्या पिंपावर आदळला आणि पुढचं चाक धरून ठेवणारा प्लास्टिकचा तुकडा मोडला. चण्याएवढा तुकडा. दुकानदार म्हणाला, पार्ट येत नाही, नवीन घ्या.

दुसऱ्या खेपेला क्रॉलर घेतला. क्रॉलर म्हणजे मुद्दाम हळू चालणारा ट्रक: मोटर भरभर फिरते, पण गिअरमुळे चाकं सावकाश फिरतात आणि जोर वाढतो. चारही चाकं ओढतात. वेग आपल्या चालण्याइतका. गॅलरीत प्रत्येक दाराबाहेर चपलांचा ढीग असतोच, भाच्याने त्याचे घाट केले. कोल्हापुरीच्या टाचेवर ट्रक चढायचा, पावसाळी सँडलच्या पट्ट्यात चाक अडकायचं, मग थोडा मागे घ्यायचा, चाक जरासं वळवायचं, पुन्हा चढवायचा. तास-तास हाच उद्योग. शेजारच्या आजी तर नंतर चपला मुद्दाम उंच रचून ठेवायला लागल्या.

हळू ट्रकचा खरा फायदा दुकानात कुणी सांगत नाही: मूल त्याच्या मागे मागे चालू शकतं. ट्रक आपल्यापासून लांब जात असतो तेव्हा डावीकडे वळवला की डावीकडे जातो. तोच आपल्याकडे येत असला की सगळं उलटं दिसतं, आणि सहा वर्षांचं पोर तिथेच गडबडतं. सुरुवातीचे काही दिवस ट्रकच्या मागे चालायला सांगा. एकदा हात बसला की एका जागी उभं राहून चालवणं आपोआप जमतं.

दुकानात सेल घालून चालवून दाखवायला सांगा. नुसता खोका बघून घेऊ नका. ट्रक हातात उचलून धरा आणि रिमोटची दांडी अगदी थोडी ढकला. चाकं हळूहळू फिरायला लागली, जास्त ढकलल्यावर जास्त फिरली, तर घ्या. थोडं ढकलताच एकदम पूर्ण वेग येत असेल तर ते नुसतं चालू-बंद बटण आहे. स्टिअरिंगचंही तसंच, चाक अर्धं वळायला हवं. याला प्रपोर्शनल म्हणतात. हा शब्द दुकानदाराला माहीत नसला तरी तुमच्या बोटाला कळेल. पिस्तुलासारखा रिमोट असेल तर तो आधी मुलाच्या हातात द्या, कारण छोट्या बोटांना बऱ्याचदा ट्रिगर पुरत नाही. दोन दांड्यांचा रिमोट या वयाला सोपा.

रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचाच बघा. जुन्या पद्धतीच्या 27 मेगाहर्ट्झवाल्यात शेजारच्या पोराकडेही तसाच ट्रक असला तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याचा पळतो. सोसायटीत त्यावरून होणारी भांडणं मी पाहिली आहेत, आणि ती मुलांपुरती राहत नाहीत.

माप 1:24 पुरे. साधारण 4.8 मीटरची खरी गाडी त्यात 20 सेंटीमीटरची होते, 1:10 मध्ये जवळजवळ अर्धा मीटर. वन बीएचकेत अर्धा मीटरचा ट्रक म्हणजे घरात आणखी एक माणूस. ट्रॅक्सस, तामिया ही मोठी नावं तुम्हाला नेटवर दिसतील. माल उत्तम, पण पहिल्या ट्रकसाठी आणि अडीच हजारांत ती विसरा. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70, त्यामुळे बाहेरचा माल महागच पडतो. लहान मुलांच्या खेळण्यावर आयएसआय शिक्का आहे ना ते मात्र बघा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

बॅटरी प्लग काढून बदलता येणारी हवी, आणि एक जादा घेऊन ठेवा, कारण एका चार्जमध्ये साधारण वीस मिनिटंच खेळ होतो. मग ‘अजून थोडंच, मामा’ सुरू होतं. खेळून झाल्यावर बॅटरी गरम असते, ती निवल्यावरच चार्जिंगला लावा. लावायची मोठ्या माणसाने, फरशीवर, कुणी घरात जागं असताना. गादीवर किंवा रात्रभर कधीच नाही. बॅटरी फुगलेली दिसली की ती संपली असं समजा, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

चौपाटीवर नेऊ नका. मी एकदा नेला. खारी ओली वाळू गिअरमध्ये जाऊन बसली, घरी आणून ब्रशने झाडली तरी आठवडाभरात स्क्रू गंजले आणि चाकं कुरकुरायला लागली. पावसाळ्यातल्या डबक्यांचंही तेच, खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी.

घरातला शत्रू वेगळाच: केस. फरशीवरचे लांब केस आणि दोरे चाकाच्या दांड्यावर गुंडाळले जातात आणि ट्रक एका बाजूला ओढायला लागतो. लोकांना वाटतं मोटर गेली. चाक काढा, सुईने केस ओढून काढा, पाच मिनिटांचं काम. भाचा आता हे स्वतः करतो आणि निघालेला गुंता आईला पुरावा म्हणून दाखवतो.

आणि रिमोटचे सेल बहुतेक खोक्यात नसतात. आदल्या दिवशीच आणून ठेवा, नाहीतर केक कापून झाल्यावर रात्री दहाला टीव्हीच्या रिमोटमधले काढावे लागतात.