"दवाखाना बंद करू का?"

कोल्हापुरातल्या डेंटिस्ट बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. पाच वर्षं बीडीएस, मग कर्ज काढून खुर्ची, एक्स-रे, हत्यारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह. नोकरदार बाईला २०१७च्या कायदादुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी बाळंतपणाची रजा आहे. स्वतःचा दवाखाना असला की कुलूप लावलं त्या दिवसापासून उत्पन्न बंद, हप्ते चालू. इतकं ओढूनही अपराधी वाटतं ते वाटतंच.

राजारामपुरीतल्या एक डॉक्टर (तपशील बदलले आहेत) हेच घेऊन आल्या. मुलगा सहा वर्षांचा. दवाखाना रात्री नऊपर्यंत, कारण पेशंट कामावरून सुटल्यावरच येतात.

"सासूबाई बोलत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं."

"काय दिसतं?"

"मी घराकडे बघत नाही, हे."

"त्यांना विचारलंत कधी?"

त्या गप्प झाल्या.

एकट्या बाईला वेळापत्रक आखून देऊन पाठवणं मला कधीच पटलेलं नाही. ताण घरात असतो, म्हणून मी घरालाच बोलावते. पुढच्या वेळी सासूबाई आणि नवरा दोघं आले.

सासूबाई म्हणाल्या, "पोराला सांभाळायला माझी ना न्हाई ओ. पण ही नऊ म्हणती आणि साडेदहाला येती. पोरगं दारात जाऊन बसतंय. आई कवा येणार, काय सांगू त्याला?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आई, मला वाटायचं, माझं दवाखान्यात जाणंच तुम्हाला आवडत नाही."

"असं कवा म्हटलंय मी?"

घरच्यांना खुपत होता तो वेळेचा बेभरवसा, आणि डॉक्टर अपराध वाहत होत्या अख्ख्या व्यवसायाचा. हा गुंता मी अनेक घरांत पाहिलाय. समोरासमोर बसवलं की तो सुटू लागतो, हा माझा अनुभव आहे.

मग काम सोपं झालं. रूट कॅनाल, अक्कलदाढ सकाळी, कारण ती किती लांबेल सांगता येत नाही. संध्याकाळची शेवटची अपॉइंटमेंट आठची, तीही दात साफ करण्यासारखी. त्यानंतर सूज किंवा असह्य कळ असेल तरच, आणि हे रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगायचं. मुलाचा अभ्यास आणि शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नवऱ्यानं पूर्ण आपल्याकडे घेतला. बायकोला विचारून करायची मदत म्हणजे तिच्या डोक्यावरचं ओझं तसंच. काही पेशंट तुटले, ते धरून चालायचं.

दवाखान्याचा निर्णय घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा, माझ्या कामामुळे तुझं नेमकं काय अडतं? लहान मुलालाही विचारा. या डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, जेवताना फोन घेऊ नको. एखादं उत्तर बोचेल, पण लगेच आपली बाजू मांडायला जाऊ नका.