खासगी गल्लीतील रोपे आणि नागरिकत्वाचा अर्ज

कॅलिफोर्नियातील सॅन होजेच्या परिसरात ग्रीन कार्डावर राहणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांचे घर तीन घरांच्या सामायिक खासगी गल्लीच्या टोकाला असून गल्लीच्या तोंडाशी तशी पाटी आहे. नकाशासाठी रस्त्यांची चित्रे टिपणारी गूगल स्ट्रीट व्ह्यूची गाडी ती पाटी ओलांडून आत आली. तिने टिपलेल्या चित्रात कुंपणाच्या फळ्यांवरून डोकावणारे गांज्याचे शेंडे स्पष्ट दिसतात, आणि अर्धवट उघड्या फाटकातून खालच्या काळ्या कुंड्याही मोजता येतात. चित्राच्या कोपऱ्यात जून २०२१ अशी नोंद आहे. गूगलवर दावा लावता येईल का आणि पोलिसांना हे चित्र वापरता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. शेवटच्या ओळीत, जाता जाता, कळवले आहे की नागरिकत्वाचा अर्ज भरून तयार आहे, तो महिनाअखेरीस पाठवायचा आहे आणि डिसेंबरात बहिणीच्या लग्नासाठी पुण्याला जायचे आहे.

तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. तो अर्ज या महिन्यात पाठवू नका.

दाव्याचे आधी आटोपतो. पेनसिल्व्हेनियातील एका दांपत्याने याच कारणासाठी २००८ मध्ये गूगलला न्यायालयात खेचले होते. त्यांच्याही रस्त्यावर खासगी असल्याची पाटी होती. खासगीपणाच्या भंगाची त्यांची तक्रार अपिलातही टिकली नाही, विनापरवाना प्रवेशाची तेवढी टिकली, आणि २०१० च्या डिसेंबरात त्यांच्या बाजूने हुकूम झाला तो एका डॉलरचा. अडीच वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून हाती पडले ते एवढेच. तुमच्या बाबतीत तर कॅलिफोर्नियात अशा दाव्याला असलेली तीन वर्षांची मुदतही चित्रावरील तारखेपासून उलटून गेलेली आहे. मुदत वाचवण्याचा एखादा युक्तिवाद सापडेलही, पण तो शोधू नये असे मी म्हणतो, कारण दावा लावलात की समोरचा वकील तुम्हाला शपथेवर पहिला प्रश्न विचारेल तो कुंपणामागच्या रोपांचाच.

पोलिसांबाबतही थोडक्यात सांगतो. खासगी कंपनीने काढलेले छायाचित्र म्हणजे सरकारने घेतलेली झडती नव्हे. खुद्द तुमच्या शेजारच्या सांता क्लारात, उंच कुंपणामागे लावलेला गांजा पोलिसांनी हजार फुटांवरून विमानातून पाहिला, तेव्हा त्याला वॉरंटची गरज नव्हती असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच ठरवले आहे. राज्याच्या कायद्याचे म्हणाल, तर २०१६ च्या जनमतानंतर एका घरात सहा रोपांना परवानगी आहे, पण ती कुलूपबंद जागेत हवीत आणि सार्वजनिक जागेवरून साध्या डोळ्यांनी दिसता कामा नयेत. गाडीच्या टपावर उंच बसवलेला कॅमेरा म्हणजे साधे डोळे नव्हेत आणि खासगी गल्ली ही बहुधा सार्वजनिक जागा ठरणार नाही. मात्र अर्धवट उघडे फाटक म्हणजे कुलूपबंद जागा, असे कोणालाही पटवता येणार नाही. यासाठी जास्तीत जास्त अडीचशे डॉलर दंड आहे. तुमच्या नगरपालिकेचे याहून कडक नियम असू शकतात, ते पाहून घ्या. मात्र तशी नोटीस आलीच, तर वकिलाला विचारल्याशिवाय दंड भरून मोकळे होऊ नका. इमिग्रेशन खाते त्या दंडाचा अर्थ राज्यापेक्षा वेगळा लावू शकते.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकी केंद्र सरकारच्या १९७० च्या कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थ आहे आणि त्याची लागवड हा गुन्हा आहे. राज्याची परवानगी असली तरी घरगुती लागवडीवर केंद्राचा अधिकार चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच प्रकरणात सांगितले. परक्या नागरिकांसाठी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२ मध्ये प्रवेश नाकारण्याची जी तरतूद आहे, तिच्यात शिक्षा झालेल्या माणसाबरोबरच 'आपण असा गुन्हा केला' किंवा 'ज्यांतून असा गुन्हा घडतो ती कृत्ये केली' अशी कबुली देणारा माणूसही येतो. अटक नको, खटला नको, कबुली पुरते. नागरिकत्वासाठी लागणारे सदाचरण ठरवताना हीच तरतूद वापरली जाते, आणि राज्यात कायदेशीर असलेला गांजाही यातून सुटत नाही, असे नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केले. तीस ग्रॅमपर्यंत गांजा एकदाच जवळ बाळगल्याला जी सूट आहे, ती लागवडीला लागू नाही. गांजा केंद्राच्या त्याच कायद्यातील कमी कडक अशा तिसऱ्या अनुसूचीत (यादीत) नेण्याचा प्रस्ताव मे २०२४ मध्ये आला, म्हणून अनेक वाचक निर्धास्त झालेले दिसतात. पण तिसऱ्या अनुसूचीतला पदार्थही नियंत्रित पदार्थच असतो आणि हे कलम सर्व अनुसूचींना लागू आहे.

यामुळेच पत्रासोबत आलेली, तुम्ही गूगलला पाठवलेल्या ई-मेलची प्रत वाचून मला राग आला. 'ही माझी सहा रोपे राज्याच्या कायद्याने वैध आहेत' असे नावपत्त्यासह लिहून देण्याची काय गरज होती? घर अस्पष्ट करून घेण्यासाठी चित्रावर चौकट आखून विनंती करणे पुरेसे असते, त्यात रोपांचा उल्लेखही लागत नाही. एवढ्या ई-मेलने कायद्याच्या अर्थाने कबुली झाली असे मी म्हणणार नाही. १९५७ पासूनच्या निवाड्यांनुसार अधिकाऱ्याने आधी गुन्ह्याची व्याख्या समजावून सांगावी लागते आणि कबुली स्वेच्छेने दिलेली असावी लागते. पण मुलाखतीत तुम्ही शपथेवर बसलेले असता, आणि 'गांजा कधी लावला होता का' या सरळ प्रश्नाला तुमच्याकडे चांगले उत्तर नाही. 'हो' म्हणालात तर कलम लागू होते. 'नाही' म्हणालात तर ते शपथेवरचे खोटे ठरेल आणि त्याचे परिणाम गांज्याहून वाईट आहेत, तो मार्ग मनातही आणू नका. उत्तर नाकारण्याचा हक्क आहे, पण पात्रता सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असल्याने अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अर्जच केला नाही, तर हा प्रश्न विचारायला तो अधिकारी समोर नसतो.

सदाचरणाची मुदत साधारणपणे अर्जाआधीची पाच वर्षे आणि पुढे शपथविधीपर्यंतचा काळ अशी धरतात, जोडीदार अमेरिकी नागरिक असल्यास बहुतेक वेळा तीन वर्षे. तुम्ही २०२१ चे चित्र धरून हिशेब केला आहे, तो चुकीचा आहे. तुमच्याच पत्रानुसार शेवटची रोपे गेल्या ऑक्टोबरात तोडली, तेव्हा मोजणी तिथून सुरू होते. त्याआधीच्या वागण्याकडेही अधिकारी पाहू शकतो, म्हणून पाच वर्षांनंतरही हमी देता येत नाही, पण तुमची बाजू बरीच बळकट होईल. तोवर ग्रीन कार्ड आहे तसेच राहते. त्याचे नूतनीकरण मात्र वेळेवर करा.

पुण्याच्या प्रवासाबद्दल मी सरसकट 'जाऊ नका' म्हणत नाही. मात्र वरच्या कलमात येणारा गुन्हा केलेल्या ग्रीन कार्डधारकाला परतताना नव्याने प्रवेश मागणारा समजले जाऊ शकते आणि विमानतळावर फोन वॉरंटशिवाय उघडायला सांगितला जातो. तिकीट काढण्यापूर्वी गुन्हेगारी आणि इमिग्रेशन दोन्ही पाहणाऱ्या वकिलाला भेटा, तो ई-मेल त्याला दाखवा, गूगलला दुसरा पाठवू नका आणि पहिला नष्टही करू नका. सामानात गांज्याच्या चघळायच्या गोळ्या (गमीज) किंवा गांज्याच्या तेलाची बाटली राहिली नाही ना, हे स्वतः तपासा, कारण मुंबईत उतरल्यावर भारताचा १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा लागू होतो आणि कॅलिफोर्नियातील दुकानाची पावती तिथे उपयोगाची नाही.

न्यू जर्सीतून असेच विचारणाऱ्यांसाठी एवढेच, की तुमच्याकडे गांजा विकत घेणे वैध असले तरी घरी लावणे राज्याच्याच कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही वरचा एकही युक्तिवाद स्वतःला लागू करू नका, थेट वकील गाठा.