धाब्याच्या घरात सापडलेली कट्यार शिवकालीन आहे का, हे कसं ओळखायचं?

अमळनेरजवळच्या तुमच्या जुन्या घराचं माळवद उतरवताना म्यानासकट कट्यार सापडली. ती शिवकालीन आहे का आणि चिंचेने घासू का, असं तुम्ही विचारलंय. आधी दुसऱ्याचं सांगतो: अजिबात घासू नका. चिंच नको, पितांबरी नको, पॉलिश पेपर तर नकोच. पोलादात लाटांसारखी नक्षी, म्हणजे जौहर असेल, तर घासून ती पुसट होते. कापसाने शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा, बस्स.

आता वय. पातं, मूठ आणि म्यान, तिघांचं वय वेगवेगळं काढावं लागतं.

फोटोत पात्यावर तीन लांब खाचा दिसतात आणि त्या मध्येच छाटल्यासारख्या मुठीच्या पट्ट्यांखाली शिरतात. पट्ट्या रिव्हेट मारून बसवल्यात. कट्यारीसाठीच घडवलेलं पातं बहुधा मुठीशी रुंद असतं आणि चिलखत भेदायला त्याचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. तुमचं टोक पातळ आहे. म्हणजे हा बहुधा युरोपी तलवारीचा, फिरंगीचा तुकडा. तो १७व्या शतकातला असू शकतो, पण तेवढ्यावरून कट्यार शिवकालीन ठरत नाही. तुटलेली चांगली पाती वाया न घालवता कट्यारींना लावायची रीत पुढेही चालू होती.

खरा धागा मुठीवर आहे. बाजूच्या दांड्यावर '११८६' कोरलंय. शके धरलं तर इ.स. १२६४ येतं, ते शक्यच नाही. हिजरी असेल तर १७७२-७३, फसली, म्हणजे महसुली सन असेल तर १७७६-७७, सुहूर, म्हणजे मराठी दफ्तरांत वापरात असलेला सन असेल तर १७८५-८६. कसंही मोजा, मूठ उत्तर पेशवाईतली निघते. फक्त तो शस्त्रागारातला अनुक्रमांक नाही ना, एवढं तपासायला हवं. आडव्या दांड्यांच्या खाचेत सुकलेलं कुंकू दिसतंय, ते काढू नका. तुमच्या घरात दसऱ्याला ही पुजली जात होती, याची ती खूण आहे, आणि मला तर ती आकड्याइतकीच मोलाची वाटते.

म्यान मात्र नंतरचं वाटतं. असा भडक जांभळा मखमल बहुतेक कृत्रिम रंगाचा असतो आणि तो रंग १८५६ मध्ये पहिल्यांदा सापडला. मागची शिवण मशीनची असेल तर शंकाच उरत नाही. पण आतली लाकडी पट्टी जुनी असू शकते, म्हणून मखमल उसवू नका. कट्यारही म्यानात ठेवू नका, ओल धरून पातं गंजतं.

१०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते, तेव्हा कुणी परदेशी गिऱ्हाईक दाखवलं तर सरळ नाही म्हणा. सोबत मोडी कागद निघाले असतील तर ते धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात दाखवा. आणि त्या आकड्याचा अगदी जवळून, तिरप्या उजेडात फोटो पाठवा. आकड्याच्या आधी 'सन' कोरलंय का, ते बघू.