भाऊ सुट्टीला आला की खर्च कुणाचा?

"पाहुणे असते तर गोष्ट वेगळी, मॅडम. घरचीच माणसं आहेत, मग पैसे मागायचे कसे?" असं म्हणत माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या लातूरच्या एका सूनबाईंनी मुलाच्या जुन्या वहीचं शेवटचं पान माझ्यापुढे ठेवलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मे महिन्यातला खर्च होता: पाण्याचा टँकर दोनदा, केशर आंबे, तुळजापूरची गाडी, देवीची ओटी, येताना ढाब्यावरचं जेवण, लेकरांचे कपडे, जावेला साडी. बेरीज मात्र केलेली नव्हती. "धीरच झाला नाही," म्हणाल्या.

दीर पुण्यात आयटीत. दर उन्हाळ्यात बायको-लेकरांसह आठ-दहा दिवस येतात. यांचे मालक खासगी शाळेत क्लार्क, आणि सासू-सासरे यांच्याजवळच. "एसटीत बायकांना अर्धं तिकीट, मामांचं वय 75 च्या पुढं, त्यांना तर तिकीटच नाही. पण पुण्याच्या लेकरांना एसी गाडी लागती. गाडी ठरवणार भाऊजी, पैसे देणार आमचे हे."

मी त्यांना एवढंच म्हणाले की हे बोलणं तुमचं नाही, तुमच्या मालकांचं आहे. सुनेनं काढलं की 'वहिनीला आमचं येणं जड झालं' एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

पुढच्या वेळी मालक आले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याला बोललो तर तो शेताचं काढंल." खरी गाठ इथं होती. वडिलांची सहा एकर शेती हेच बघतात. धाकट्यानं सोयाबीनचा रुपया कधी मागितला नाही, म्हणून त्याच्या मनात त्याचा वाटा आधीच देऊन झालेला. इकडं बी-बियाणं, फवारणी, काढणीची मजुरी, आईबापाचं दवाखाना-औषध यांच्या खिशातून. दोघंही खरे, आणि दोघंही स्वतःलाच देणारा समजतात. गाडीभाड्यावरून एवढा राग येतो तो उगीच नाही.

माझं मत सरळ आहे. घरात शिजतं ते ज्याचं घर त्याचं. त्यात दूध, भाजी, टँकर सगळं आलं. उंबऱ्याबाहेरचा बेत जो आखतो, खर्च त्यानं करावा. साडी-कपडे ऐपतीप्रमाणे, नाही दिले तरी चालतं. (लेक माहेरी आली तर हा नियम लावू नका. धोंड्याच्या महिन्यात जावयाला गाडीभाडं मागणारा मराठवाड्यात मला अजून भेटायचाय.) आणि हे बोलायचं ते येण्याआधी फोनवर, बॅगा भरून झाल्यावर दारात नाही. शेतीचा हिशेब वेगळ्या दिवशी, मोंढ्यात माल घातल्यावर पावत्या समोर ठेवून.

त्यांनी फोनवर म्हणायचं वाक्य माझ्यासमोरच दोन-चारदा म्हणून बघितलं: "या, घर तुमचंच आहे. फिरायचं ठरवलंस तर गाडीचं तू बघ, मला यंदा झेपत नाही." शेवटचे तीन शब्द त्यांच्या तोंडातून निघेनात. तेवढेच सर्वांत गरजेचे होते.

दिवाळीत धाकट्यानं गाडीचे पैसे स्वतःहून दिले. सासूबाई मात्र दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. भावाभावांत हिशेब तिनंच घातला, असं त्यांचं म्हणणं. शेतीच्या पावत्या अजून पिशवीतच आहेत. त्यासाठी दोघा भावांना मी एकत्र बोलावलंय.