शब्द बरोबर, पत्ता चुकलाय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या लाइनीतले बंगले एकेक करून बिल्डरकडे चाललेत, खाली कॅफे आणि जिम, वर फ्लॅट. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते हे जेंट्रिफिकेशन. खरंय का? (कॉलेज रोड, नाशिक)

मुलीला सांगा शब्द बरोबर आहे, पत्ता थोडा चुकलाय. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना तो वापरला, तिथं इस्लिंग्टन, नॉटिंग हिल वगैरे भागातली कामगारांची घरं मध्यमवर्गीय लोक घ्यायला लागले, दुरुस्त करून राहायला लागले आणि आधीची माणसं तिथून उठली. म्हणजे कॅफे आला की नाही यापेक्षा उठलं कोण ते बघायचं. तुमच्याकडे बंगलेवाला सहसा उठत नाही हो, तो दोन फ्लॅट घेऊन तिथंच वरच्या मजल्यावर जातो, याला आपण रिडेव्हलपमेंट म्हणतो तेच ठीक. पण मागच्या आउटहाऊसमधला भाडेकरू कुठं गेला, कंपाउंडच्या भिंतीला गाडा लावणारा इस्त्रीवाला कुठं गेला, हे विचारलंत तर मुलगी अगदीच चुकीची नाही असं वाटेल.

प्रश्न : आमचा वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. चार भाडेकरू, भाडं इतकं कमी की सांगायला लाज वाटते. जागा मोक्याची आहे असं सगळे म्हणतात, मग बिल्डर का येत नाही? दर पावसाळ्यात महापालिकेची नोटीस मात्र येते. (वाडामालक)

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण जुन्या नाशकाचं अर्धं दुखणं इथंच आहे.

नील स्मिथ नावाच्या भूगोलवाल्याने १९७९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. एखाद्या जागेतून आज जेवढं भाडं मिळतं आणि तीच जागा नव्याने बांधली तर जेवढं मिळू शकेल, या दोन्हीत फरक पडत जातो, त्याला तो रेंट गॅप म्हणतो. फरक पुरेसा मोठा झाला की पैसा त्या भागाकडे वळतो, आधी नाही. तुमच्या वाड्यात हा फरक कसा वाढला बघा. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं बांधून ठेवलं, पुढे १९९९ चा कायदा आला त्यात वर्षाला चार टक्के वाढ करायची मुभा मिळाली, पण मुळात भाडं शंभर रुपये असेल तर वाढ झाली चार रुपये, त्यात कौलं शाकारायची की माळवद दुरुस्त करायचं? मालक खर्च करत नाही, भाडेकरूला मालकी नाही म्हणून तोही करत नाही, सागवानी खांब आतून पोखरत जातात, आणि इकडे मेन रोड, सराफ बाजार पायी अंतरावर म्हणून जमिनीचा भाव मात्र चढतोय.

मग बिल्डर यायला हवा, बरोबर? तर नाही, कारण आपल्याकडे एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. तुमच्या बोळातून रिक्षा जाते का? पार्किंग, फायर ब्रिगेडची गाडी, साइड मार्जिन, हे सगळं छोट्या प्लॉटवर बसवून, चार भाडेकरूंना त्यांच्या जागा देऊन, सात-आठ वारसदारांच्या सह्या घेऊन बिल्डरच्या हाती विकायला उरतं किती! स्मिथचा हिशोब लंडन-न्यूयॉर्कला जितका सरळ चालतो तितका भद्रकालीत चालत नाही, इथं फरक आहे पण तो वसूल करायला वाट नाही, म्हणून वाडा ना दुरुस्त होतो ना नवा होतो, पडायची वाट बघत उभा राहतो. शेजारचे तीन-चार वाडे एकत्र आले तर क्लस्टरचा, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच पुनर्विकास करायचा, विचार होऊ शकतो, पण भाऊबंदकीत आधी एकाच वाड्याच्या सह्या मिळवून दाखवा म्हणते मी. आणि भाडेकरूंशी जे ठरेल ते कागदावर घ्या, तोंडी नको, दोन्ही बाजूंसाठी सांगतेय.

प्रश्न : सिडकोत वडिलांनी छोटंसं घर घेतलं होतं. आता गल्लीत सगळ्यांनी मजले चढवलेत, खाली दुकानं, क्लास, पार्लर. पाहुणे म्हणतात एरिया घसरला. (पवननगर)

पाहुण्यांचं सोडा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्यांना परवडावीत म्हणून ती घरं लहान होती, मग बोनस आला की एक खोली, मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला, असं घर वाढत गेलं. याला घसरणं कसं म्हणायचं? शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्सने १९६१ मध्ये हेच ठासून सांगितलं होतं, खाली दुकान वर घर असेल, दिवसभर माणसं ये-जा करत असतील तर रस्त्यावर कुणाचं ना कुणाचं लक्ष राहतं. तुमच्या गल्लीत रात्री साडेदहाला मुलगी क्लासवरून एकटी येते ना, बंद गेटच्या सोसायट्यांच्या मधल्या रस्त्यावरून येईल का? पण एक खरं, उजेड-हवा गेली, दोन घरांत बोटभर अंतर उरलं, ड्रेनेज लाइन मात्र बैठ्या घरांच्या हिशोबाची. परवानगी न घेता चढवलेल्या मजल्याचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकाम किती मजबूत आहे याची तपासणी, तरी करून घ्या.

प्रश्न : २०२७ च्या कुंभमेळ्याआधी रस्ते होणार, तपोवनाच्या बाजूला प्लॉट घेऊन ठेवू का? (पंचवटी)

प्लॉटचा सल्ला हे सदर देत नाही. इतकंच सांगते की सरकारी पैशाने रस्ता झाला की भाव वाढतो हे खरं, पण रस्त्याची नुसती चर्चा झाली तरी तो वाढतो, आणि तुम्हाला विकणाऱ्याने ती वाढ आधीच भावात धरलेली असते. सातबारा, झोन दाखला आणि डीपीतलं (शहराच्या विकास आराखड्यातलं) आरक्षण तपासल्याशिवाय टोकन देऊ नका, त्या बाजूला साधुग्रामसाठीच्या, म्हणजे कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठीच्या, जमिनींचा प्रश्न आहे, आणि गोदावरीची पूररेषाही बघून घ्या.