२ नॅनोमीटर घातलेलं लोखंड ३.२ कसं भरलं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना मागे जावं लागणार नाही. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तू सिलिकॉनच्या चकतीवर ४० नॅनोमीटर चांदी चढवलीस आणि तिच्यावर लोखंड. क्वार्ट्झच्या मॉनिटरने लोखंड २.० नॅनोमीटर दाखवलं. नमुना बाहेर काढून दुसऱ्या दिवशी एक्स-रे परावर्तन (अगदी तिरप्या कोनात सोडलेल्या एक्स-रेपैकी किती परततात ते) मोजलंस, तर वरचा थर ३.२ नॅनोमीटर निघाला. घनता साध्या लोखंडाची, म्हणजे दर घनसेंटिमीटरला ७.८७ ग्रॅम, धरून हिशोबाचा वक्र मोजलेल्या वक्राशी जुळेचना, ती ६ च्या आसपास आणली तेव्हा कुठे जुळला. चुंबकत्व अपेक्षेच्या निम्म्याहून कमी. सर म्हणाले ‘सरफेस इफेक्ट’ आणि पुढे गेले. तू विचारतोस, ‘काकू, नमुना वाया गेला का? आणि इतकं पातळ लोखंड हे लोखंडच असतं ना?’

नमुना वाया गेलेला नाही. तुझे तिन्ही आकडे एकमेकांना धरून आहेत, मला तर ते वाचून आनंदच झाला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. खरं सांगायचं तर मी तीस वर्षं त्याच प्रश्नापायी निर्वात चेंबरच्या खिडकीत डोळे लावून बसले.

आधी हिशोब. क्वार्ट्झची चकती जाडी मोजत नाही, वजन मोजते. वजन पडलं की तिची कंपनसंख्या घटते, आणि यंत्र त्या वजनाला तू दिलेल्या घनतेने भागून जाडी दाखवतं. म्हणजे मॉनिटरने तुला एवढंच सांगितलं की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १.६ मायक्रोग्रॅम लोखंड पडलं. ते खरं आहे. पण नमुना हवेत आला आणि लोखंडाने ऑक्सिजन घेतला. लोखंडाचा ऑक्साइड होताना आकारमान जवळपास २.१ पट होतं. पिलिंग आणि बेडवर्थ या दोघांनी १९२३ मध्ये हे गुणोत्तर मांडलं, आजही गंजाच्या अभ्यासाचा पहिला धडा तोच असतो. आता तुझ्या २.० पैकी १.१ नॅनोमीटर लोखंड गंजलं असं धर. त्याचा ऑक्साइड झाला २.३. खाली लोखंड उरलं ०.९. बेरीज ३.२.

घनताही बघ. ०.९ नॅनोमीटर ७.८७ ची, २.३ नॅनोमीटर ऑक्साइडची, साधारण ५.२. सरासरी काढलीस तर ५.९५ येते. तू एकच थर धरून वक्र जुळवलास, म्हणून संगणकाने तुला ही सरासरी हातात दिली. आणि चुंबकत्व? धातू म्हणून उरलेलं लोखंड ०.९, म्हणजे मूळच्या ४५ टक्के. इतक्या पातळ आणि विस्कळीत ऑक्साइडकडून चुंबकत्वाची फारशी आशा धरू नये. तीन वेगळी यंत्रं एकच गोष्ट सांगत असताना तिला ‘सरफेस इफेक्ट’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. सरांचा मान ठेवून हा हिशोब कागदावर मांड आणि त्यांना दाखव.

एक मात्र तपास. परावर्तनाच्या वक्रातल्या लाटांचं अंतर जाडीच्या उलट प्रमाणात असतं. तांब्याच्या एक्स-रे नळीवर ४० नॅनोमीटर चांदीच्या लाटा दाट येतात, पण ३.२ नॅनोमीटरची एक पूर्ण लाट पसरायला २θ मध्ये (एक्स-रे मूळ दिशेपासून वळतो त्या कोनात) जवळजवळ २.८ अंश लागतात. तू मोजणी ३ अंशांवर थांबवली असशील तर वरच्या थराची धड एक लाटही तुझ्या हाती नाही, आणि ३.२ मधला दशांश विश्वासाचा नाही. निदान ८ अंशांपर्यंत जा. सिग्नल फार खाली जाईल, रात्रभर लावून ठेव.

आता लोखंड १.१ वरच का थांबलं, सगळं का गंजलं नाही? पावसाळ्यात गच्चीवरची लोखंडी जाळी तर थांबत नाही. तिथे पाणी असतं, क्षार असतात, ऑक्साइड भुसभुशीत होऊन गळून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. कोरड्या हवेत, खोलीच्या तापमानात गोष्ट निराळी. कॅब्रेरा आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये तिचा उलगडा केला. धातूतले इलेक्ट्रॉन पातळ ऑक्साइडमधून बोगदा पाडावा तसे आरपार जातात आणि वर बसलेल्या ऑक्सिजनला चिकटतात. वर ऋण, खाली धन. मध्ये साधारण एक व्होल्टचा फरक उभा राहतो. एक व्होल्ट ऐकायला किती किरकोळ! पण तो २ नॅनोमीटरवर पडला की मीटरला ५० कोटी व्होल्ट होतात. एवढ्या ओढीने धातूचे आयन ऑक्साइडमधून खेचले जातात आणि थर वाढतो. थर वाढला की तोच व्होल्ट जास्त अंतरावर वाटला जातो, ओढ कमी होते, आणि आयनांची हालचाल ओढीवर घातांकी पद्धतीने अवलंबून असल्यामुळे वाढ जवळजवळ बंदच पडते. दार बंद होतं ते असं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावरचा २ ते ४ नॅनोमीटरचा थर, स्टीलच्या ताटावरचा क्रोमियमयुक्त थर, दोन्ही याच जातीचे. स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम लागतं ते या थरासाठीच, आणि ताट घासणीने घासलं तरी थर हवेत पुन्हा भरून येतो. चांदीचं नशीब तसं नाही. देवघरातली निरंजनं काळी पडतात ती हवेतल्या गंधकाच्या वायूंनी, आणि तो सल्फाइडचा थर स्वतःला नीट बंद करत नाही. पिवळा, तपकिरी, निळसर, काळा असा तो चढतच राहतो.

आता तुझा दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी हे लांबलचक लिहायला घेतलं.

आपल्या सराफ्यात मिठाईवर वर्ख लावतात. तो इतका हलका की श्वासाने उडतो, आणि आपल्याला वाटतं याहून पातळ काय असणार. पण २०० नॅनोमीटरच्या वर्खातही चांदीच्या अणूंचे आठशेच्या वर थर असतात. वर्ख चांदीच असतो, चांदीसारखाच वागतो. तुझं २ नॅनोमीटर लोखंड म्हणजे जेमतेम दहाएक थर. इथे वरचा अणुथर हवेकडे तोंड करून, खालचा चांदीला पाठ लावून, आणि मधल्यांना शेजारी पुरेसे नाहीत. अशा थराची रचना ठरवताना खालचा धातूही बोलतो. ‘लोखंड, फक्त कमी’ अशा नजरेने त्याच्याकडे बघू नकोस.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण तांब्यावरचं लोखंड. साधं लोखंड खोलीच्या तापमानाला घनाच्या मध्यभागी एक अणू अशा रचनेत असतं. घनाच्या प्रत्येक फळीच्या मध्यावर अणू अशी दुसरी रचना ते ९१२ अंशांच्या वर घेतं आणि १३९४ अंशांवर सोडतं. भट्टीतल्या तापमानाची ही रचना. पण तांब्याच्या (१००) पृष्ठावर, म्हणजे घनाच्या बाजूला समांतर कापलेल्या पृष्ठावर, लोखंड हळूहळू चढवलं तर तीच रचना खोलीच्या तापमानाला, भट्टीशिवाय, समोर दिसते. कारण तांब्याचे अणू त्याच रचनेत ३.६१ अँगस्ट्रॉमच्या (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर) घरांत बसलेले असतात आणि लोखंडाला ती घरं जवळपास बेतून शिवल्यासारखी बसतात. पहिल्या चारेक थरांपर्यंत रचना किंचित ताणलेली असते आणि सगळा थर चुंबकीय असतो. पाच ते दहा-अकरा थरांच्या दरम्यान ताण सुटतो आणि चुंबकत्व फक्त वरच्या एक-दोन थरांत उरतं. त्याच्या पुढे गेलं की लोखंडाला स्वतःची ओळख आठवते आणि ते नेहमीच्या रचनेत कोसळतं. चार थर, आठ थर, बारा थर. पदार्थ तोच, वागणं तीन प्रकारचं. पृष्ठावर इलेक्ट्रॉन सोडले की ते परतून पडद्यावर ठिपके उमटवतात, त्यांवरून रचना कळते. पहिल्यांदा ते ठिपके बदलताना पाहिले तेव्हा मी डबा खायला उठायचं विसरले होते.

तुझी चांदी मात्र लोखंडाला दुसरा मान देते. एकल स्फटिकाच्या चांदीचं (१००) पृष्ठ घेतलं तर तिथले शेजारी अणू २.८९ अँगस्ट्रॉमवर, आणि लोखंडाच्या नेहमीच्या घराची बाजू २.८७. फक्त जाळी ४५ अंशांनी फिरवून ठेवायची की नेमकी बसते. म्हणून चांदीवर लोखंड आपली नेहमीची रचना ठेवू शकतं. पण सिलिकॉनवर चढवलेल्या चांदीत लहान लहान कण असतात, बहुतेकांचं (१११) पृष्ठ, म्हणजे घनाचा कोपरा तिरपा कापल्यावर दिसणारं, वर, आणि तिथे हा मेळ बसत नाही. त्यात लोखंडाची पृष्ठऊर्जा (नवं पृष्ठ उघडं करायला लागणारी ऊर्जा) चांदीच्या जवळपास दुप्पट. कमळाच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब धरतं, तसं लोखंडही चांदीवर सपाट पसरायला नाखूष असतं आणि बेटं करायला बघतं. उलट लोखंडावर चांदी छान पसरते. तुझ्या थराचा खडबडीतपणा ०.५ नॅनोमीटर आला असेल तर तो तुझ्या हाताचा दोष समजू नकोस. आणि चांदी चढवताना किंवा नंतर नमुना तापवलास का, ते लिही. तापवल्यावर चांदी लोखंडातून वर येऊन पसरते, मग ऑक्साइडचा हिशोबच बदलतो.

ऑक्साइडचंही असंच. प्लॅटिनमच्या (१११) पृष्ठावर लोखंडाच्या ऑक्साइडचा एकच दुपदरी थर, एक पदर लोखंडाचा आणि एक ऑक्सिजनचा, वाढवता येतो. त्याच्या जाळीचं अंतर ३.१ अँगस्ट्रॉम, प्लॅटिनमचं २.७७. मच्छरदाणीची दोन कापडं एकावर एक धरली की मोठ्या चौकटींची नक्षी उमटते ना, तशी इथे साधारण २.६ नॅनोमीटरची नक्षी उमटते, आणि तिच्या वेगवेगळ्या जागी वायूचे रेणू वेगवेगळे चिकटतात. चांदीवर दोन-तीन थर मॅग्नेशियम ऑक्साइडचे चढवून त्यावर सोन्याचे सुटे अणू ठेवले तर ते खालच्या चांदीकडून ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि ऋणभारित होतात. जाड मॅग्नेशियम ऑक्साइड पक्का विद्युतरोधक, तिथे हे घडत नाही.

हे सगळं पाहायचं तर पृष्ठ स्वच्छ हवं, आणि इथेच नवी मुलं घाई करतात. हवेत उघड्या धातूवर वायूच्या रेणूंचा एक थर दोन नॅनोसेकंदांच्या आत बसतो. १०⁻⁶ टॉरवर (टॉर हे दाबाचं एकक, हवेचा दाब ७६० टॉर) त्याला साधारण एक सेकंद लागतो. १०⁻¹⁰ टॉरवर १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. आपला सगळा प्रयोग त्या पावणेतीन तासांत. चेंबर दोन दोन दिवस बेक करायचा, म्हणजे भिंतींना चिकटलेले वायू निघावेत म्हणून तापवायचा, तो यासाठी. मी एकदा, एका प्रयोगशाळेत, आर्गॉनची नळी पुरेशी धुऊन न घेता आर्गॉनच्या माऱ्याने पृष्ठ स्वच्छ करायचं काम उरकलं. लोखंडाच्या थरात एक सुंदर नवी रचना दिसली. पंधरा दिवस मी तिच्या मागे होते, वहीची चाळीस पानं भरली. मग वर्णपटात ऑक्सिजनचं शिखर तपासलं आणि कळलं की ती ऑक्सिजनने बांधलेली रचना होती, शुद्ध लोखंडाची नव्हेच. त्या पंधरा दिवसांचं दुःख मला अजून आहे, आणि म्हणून तुला सांगते, आधी ऑक्सिजन आणि कार्बनची शिखरं, मग बाकी सगळं.

ऑक्साइडने भलं केल्याचा एक प्रसंगही आहे. १९२५ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर निकेलवर इलेक्ट्रॉन आदळत असताना द्रवरूप हवेची बाटली फुटली, नळीत हवा शिरली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढला. तो घालवायला त्यांनी निकेल बराच काळ तापवलं. त्यात लहान लहान स्फटिकांचे मोजके मोठे स्फटिक झाले, आणि पुढे १९२७ मध्ये ५४ व्होल्टवर ५० अंशांचं ते प्रसिद्ध शिखर मिळालं. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो याचा तो पुरावा. पृष्ठाची रचना बघायची आपली ठिपक्यांची पद्धतही तिथूनच आली.

आता तू काय करायचंस. हाच नमुना टाकू नकोस, त्याचं फोटोइलेक्ट्रॉन मापन (एक्स-रेने बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणं) करून घे. लोखंडाच्या 2p या इलेक्ट्रॉन-पातळीचं धातूचं शिखर ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ आणि ऑक्साइडचं ७११ जवळ. माझा हिशोब बरोबर असेल तर दोन्ही दिसायला हवीत, कारण २.३ नॅनोमीटर ऑक्साइडमधून धातूचा चौथाईच्या आसपास सिग्नल वर येतो. फक्त ७११ दिसलं तर मी चुकले आणि लोखंड जवळजवळ सगळंच गेलं. आपण इंदूरकर या बाबतीत भाग्यवान. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई हे संशोधन केंद्र आहे, आणि राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे दोन्ही सिंक्रोट्रॉन, म्हणजे तीव्र प्रकाश आणि एक्स-रे देणारी यंत्रं. विद्यापीठांतल्या लोकांना तिथे प्रस्ताव देऊन वेळ मागता येतो. सरांच्या सहीने अर्ज कर, लाजू नकोस.

पुढचा नमुना करताना लोखंडावर, चेंबर न उघडता, ३ नॅनोमीटर ॲल्युमिनियम चढव. हवेत आल्यावर त्यातलं दीडेक नॅनोमीटर ऑक्साइड होईल आणि तिथेच थांबेल, लोखंडापर्यंत हवा पोचणार नाही. सोबत एक नमुना झाकणाशिवाय, त्याच दिवशी, त्याच चकतीच्या दुसऱ्या तुकड्यावर. दोघांचं चुंबकत्व शेजारी शेजारी मोज. झाकलेल्यात ते दुपटीच्या आसपास आलं नाही तर ७०७ आणि ७११ च्या शिखरांची क्षेत्रफळं इथेच लिही, जाडी आपण पुन्हा काढू.