गाळा घेण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून कांदा-लसूण मसाल्याचा धंदा सुरू करण्याचा तुझा बेत, पाकिटाचे नमुने आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गाळ्याच्या भाड्याचा आकडा, हे सगळे मी सावकाश वाचले. चवीबद्दल मला काही सांगायचे नाही. ती तुझ्या आईच्या हातची आहे आणि मी ती खाल्ली आहे. तुझ्या कागदावर खर्च आहे, विक्रीची किंमत आहे आणि दोन्हींतल्या फरकाला तू नफा म्हटले आहेस. परंतु मिरचीत घातलेला रुपया पुन्हा तुझ्या हातात कोणत्या महिन्यात पडणार, याचा हिशेब त्यात कुठेच नाही. माल चांगला खपत असताना गल्ला रिकामा राहिल्यामुळे बंद पडलेले धंदे मी बरेच पाहिले आहेत, म्हणून हे पत्र मुख्यतः त्याविषयीच आहे.

मसाल्याच्या धंद्यात पैसा पहिल्यांदा अडकतो तो खरेदीत. ब्याडगीची नवी मिरची हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत बाजारात येते आणि चांगला रंग हवा असेल तर वर्षाचा साठा त्याच दिवसांत करावा लागतो. तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी लागेल, तीही त्याच हंगामात घ्यावी लागते. म्हणजे दिवाळीत विकल्या जाणाऱ्या पाकिटाचे पैसे तू मार्चमध्येच मोजलेले असतात. पहिल्या वर्षी संपूर्ण साठा करण्याच्या मोहात पडू नकोस. चार महिन्यांपुरती मिरची घे, पुढची व्यापाऱ्याच्या शीतगृहातली थोडी महाग पडली तरी चालेल, कारण तोवर तुझा मसाला कोण आणि किती घेते हे तुला कळलेले असेल.

खरेदीचा भाव हा मिरचीचा खरा भाव नसतो. समजा, २५० रुपये किलोने १०० किलो मिरची घेतली आणि देठ, माती, फुटके बी व उन्हात उडालेली ओल वजा जाता कांडपाला ८८ किलोच उतरली, तर ती तुला २८४ रुपयांना पडली. हे वजन प्रत्येक पोत्याचे वेगळे भरते, तेव्हा काटा हाताशी ठेव आणि दर खेपेला लिहून ठेव. लसूण सोलणाऱ्या आईची आणि पाकिटे भरणाऱ्या धाकट्या भावाची मजुरी, त्यांनी कितीही नाही म्हटले तरी, खर्चात धर. त्याचप्रमाणे तुझा स्वतःचा पगारही धर. घरच्यांच्या फुकट कष्टावर ठरवलेली किंमत पहिला बाहेरचा माणूस कामावर ठेवताच कोसळते, आणि वाढवलेली किंमत गिऱ्हाईक सहजासहजी मान्य करत नाही.

आता उधारी. दुकानदार तुला सांगेल की माल ठेवून जा, खपला की पैसे देतो. यालाच जांगड म्हणतात, आणि त्यात न खपलेली, कोपरे दुमडलेली पाकिटे परत घेण्याची जबाबदारीही तुझ्याच गळ्यात पडते. समजा, तू दहा दुकानांना प्रत्येकी आठवड्याला पाच किलो माल ५०० रुपये किलोने दिलास आणि प्रत्येकाने सहा आठवड्यांनी पैसे दिले, तर कोणत्याही दिवशी तुझे दीड लाख रुपये बाजारात पडून राहतील. त्यात नफा शेकडा वीस धरला, तरी एक लाख वीस हजार रुपये तुझ्या पदरचे आहेत. आणखी दहा दुकाने जोडलीस की हीच रक्कम दुप्पट होते. धंदा वाढल्याचे समाधान आणि मिरचीवाल्याला द्यायला पैसे नसल्याची विवंचना एकाच वेळी घरात येतात. वसुलीला गेल्यावर ‘शेठ बाहेर गेलेत, सोमवारी या’ हे वाक्य तुला इतक्या वेळा ऐकावे लागेल की शेठ आतल्या खोलीत चहा पीत आहेत, हे तुला कपबशीच्या आवाजावरून कळू लागेल.

यावर माझ्या मते एकच व्यवहार्य रीत आहे. पहिला माल रोखीने, अगदीच अडले तर बिल-टू-बिल, म्हणजे मागच्या बिलाचे पैसे हातात पडल्याशिवाय पुढचा माल द्यायचा नाही. या अटीवर दहापैकी तीनच दुकाने तयार झाली तर तीनच कर आणि उरलेला माल ओळखीच्या घरांत, गृहसंकुलांत, आठवडी प्रदर्शनांत रोख विक. लिज्जतचे उदाहरण यासाठीच लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी उसन्या ८० रुपयांवर ते काम सुरू केले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पापड लाटणाऱ्या भगिनींना लाटणावळ रोजच्या रोज देता यावी म्हणून वितरकांकडून मालाचे पैसे रोख घेण्याची शिस्त त्यांनी पाळली, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

कायदा तुझ्या बाजूने आहे, पण त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही समजून घे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला ते प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस मार्च जवळ आला की स्वतःहून फोन करतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराविरुद्ध मात्र तीन हजारांसाठी तू दाद मागायला जाणार नाहीस, आणि हे त्यालाही ठाऊक असते.

उद्यम नोंदणीला शुल्क नाही. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नाही असे समज. अन्नसुरक्षा नोंदणी पहिले पाकीट विकण्याआधी घे आणि तिचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत व तारीख पाकिटावर छाप. जीएसटीसाठी ४० लाखांची मर्यादा ऐकून निर्धास्त होऊ नकोस: ती राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यासाठी आहे, आणि कोल्हापूरहून बेळगावच्या किंवा पणजीच्या दुकानाला माल विकायचा झाला, तर उलाढाल कितीही लहान असली तरी आधी नोंदणी करावी लागते.

कर्जाची घाई नको. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज विनातारण मिळते आणि तुझ्या पहिल्या हंगामाच्या मिरचीला ते पुरावे. पण ते खेळते भांडवल म्हणून घे, गाळ्याच्या अनामतीसाठी मुळीच नको. गाळ्याचा बेत वर्षभर पुढे ढकल, असे माझे स्पष्ट मत आहे. मसाला घरी भाजता येतो आणि किलोच्या दराने बाहेर कांडून मिळतो. यंत्र आणि भाडे यांचा बोजा विक्री स्थिर होण्याआधी अंगावर घेण्याचे कारण नाही. मात्र एप्रिल-मे महिन्यांत गावातल्या प्रत्येक कांडपासमोर पिशव्यांची रांग असते आणि नव्या माणसाला उभे करत नाहीत, म्हणून फेब्रुवारीतच एखाद्या कांडपवाल्याला भेटून पाळी ठरवून घे, आणि जाताना भाजलेली किलोभर मिरची नेऊन त्याच्याकडचे तिखट किती बारीक आणि किती गरम उतरते तेही पाहून ये.

तुझा शुभचिंतक